पराग नसलेल्या फुलाची किंमत

सुरतच्या पूर्वेला पर्वत पाटिया आहे. शेजारी लिंबायत, डिंडोली आणि पलीकडे उधना. उधना–जळगाव मार्गाने पिढ्यान्‌पिढ्या इथे उतरत आलेल्या खानदेशी घरांची ही वस्ती. इथल्या बाजारांतल्या साड्यांवर जास्वंद, कमळ, गुलाब असतात, पण कापड बहुतेक कृत्रिम धाग्याचे. कपाशीच्या इतिहासात मात्र सुरतेचे नाव एका फुलामुळे आहे आणि ते फूल साडीवर कधी छापले जात नाही. सी. टी. पटेल यांनी १९७० साली याच शहरातल्या मुख्य कापूस संशोधन केंद्रात ‘हायब्रिड-४’, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘संकर-४’, तयार करून दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. त्यासाठी ‘गुजरात-६७’ या वाणाच्या कळीतले पुंकेसर हातांनी काढले गेले आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ या वाणाचा पराग तिच्यावर घातला गेला. फुलातले पुंकेसर बिनकामाचे करण्याची कला निसर्गाजवळ आहेच. एखाद्या जनुकात उत्परिवर्तन झाले की फूल स्वतःच पराग टाकून देते. असे असताना अर्ध्या शतकानंतरही कपाशीच्या सीडप्लॉटवर, म्हणजे संकरित बियाणे काढण्याच्या शेतावर, माणसांनाच कळ्या का सोलाव्या लागतात? फुलांच्या उत्परिवर्तनांविषयी आज जे कळले आहे, त्याची खरी परीक्षा या प्रश्नावर होते.

आधी फूल कसे घडते ते पाहू. शाळेतल्या पुस्तकात फुलाची चार मंडले असतात: निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग. या चौघांच्या मुळाशी पानच आहे, असे जर्मन कवी गटे याने १७९० साली लिहिले होते. तेव्हा ते कवीचे निरीक्षण वाटले. दोनशे वर्षांनी त्याला पुरावा मिळाला, तो मोहरीच्या कुळातल्या आराबिडॉप्सिस नावाच्या तणातून आणि बागेतल्या स्नॅपड्रॅगनमधून. एनरिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडलेला ‘एबीसी’ आराखडा सांगायला सोपा आहे. तीन गटांची जनुके कळीच्या गाठीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत काम करतात. एकटा ‘ए’ गट जिथे असेल तिथे निदल, ‘ए’ आणि ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ आणि ‘सी’ मिळून पुंकेसर आणि एकटा ‘सी’ असेल तिथे स्त्रीकेसर. ‘ए’ आणि ‘सी’ एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत, म्हणून एकाने जागा सोडली की दुसरा तिथे पाय पसरतो. ‘सी’ गटातले ‘अगॅमस’ जनुक बंद पडले की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, आणि स्त्रीकेसराच्या जागी फुलाच्या पोटात पुन्हा फूल उघडू लागते. ‘बी’ गट बिघडला तर पाकळ्यांची निदले होतात आणि पुंकेसरांची स्त्रीकेसरे. तिन्ही गट बंद केले तर चारही मंडलांत पानांसारखे अवयव उरतात, म्हणजे गटे बरोबर निघाला. पुढे २००० साली ‘सेपॅलाटा’ नावाच्या जनुकांचा शोध लागला. ती जोडीला असल्याशिवाय ए-बी-सीचे काही चालत नाही. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी योग्य जनुके एकत्र जागी करून आराबिडॉप्सिसच्या पानाची पाकळी करून दाखवली, तेव्हा उलट बाजूनेही हिशेब जुळला.

या सगळ्यातून दिसते ते असे की फुलातले उत्परिवर्तन बहुधा अवयव मोडत नाही, एका अवयवाच्या जागी दुसरा आणून बसवते. दुहेरी जास्वंद त्याचा घरचा दाखला आहे. साध्या जास्वंदीत मधोमध जी लांब नळी असते, तिच्यावर पुंकेसर लागलेले असतात. दुहेरी जास्वंदीत त्यातल्या पुष्कळ पुंकेसरांच्या चुणीदार पाकळ्या झालेल्या दिसतात. बटमोगऱ्याच्या गच्च गोळ्यातही पाकळ्या वाढल्या आहेत आणि पराग देणारे अवयव मागे सरले आहेत. सूर्यफुलात २०१२ मध्ये असाच एक धागा हाती लागला. व्हॅन गॉगच्या चित्रांतल्या काही दाट केसाळ सूर्यफुलांसारखे रूप एका जनुकाच्या बदललेल्या आविष्कारामुळे येते, आतली नळीदार पुष्पके बाहेरच्या जिभेसारख्या पुष्पकांचे रूप घेतात. माळ्याला या फुलांची किंमत जास्त मिळते. झाडाच्या दृष्टीने तो तोटा आहे, कारण बी धरण्याची ताकद कमी झाली. म्हणून उत्परिवर्तन म्हणजे बिघाड, ही सरसकट व्याख्या टिकत नाही. बिघाड कोणाच्या हिशेबाने, हे आधी सांगावे लागते. देव्हाऱ्यातल्या फुलाचा आणि बियाणे कंपनीच्या फुलाचा हिशेब एक नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. फूल विचित्र दिसले की कारण जनुकच, असे धरायचे का? मुळीच नाही. तिळाच्या शेतात फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके दिसतात. शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतात. दृश्य थेट ए-बी-सीच्या उत्परिवर्तनासारखे असते, पण तिळाचे जनुक शाबूत असते. तुडतुड्यांनी आणलेला फायटोप्लाझ्मा नावाचा जंतू आपले एक प्रथिन झाडात सोडतो आणि ते प्रथिन फूल घडवणाऱ्या प्रथिनांना झाडाच्याच यंत्रणेकडून मोडीत काढवते. म्हणजे जंतूने जनुकाला हात न लावता उत्परिवर्तनाची नक्कल केली. दुसरे उदाहरण आणखी जुने. स्वीडनमध्ये १७४२ साली एका विद्यार्थ्याला लिनारिया नावाच्या रोपाची एक फांदी सापडली. नेहमीच्या एकतर्फी फुलाऐवजी तिच्यावर पाचही बाजूंनी सारखी फुले होती. लिनियसने १७४४ मध्ये त्यावर लिहिले आणि ‘पेलोरिया’, म्हणजे राक्षस, असे नाव दिले. १९९९ मध्ये त्या रूपाचे जनुक तपासले, तर त्यातली अक्षरे बदललेली नव्हतीच. जनुकावर मेथिल गटांचे झाकण बसले होते आणि ते बंद पडले होते. बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता, तरी रूढ अर्थाने उत्परिवर्तन नव्हते. फुलाच्या रूपावरून जनुकाचा निवाडा करणारा माणूस इथे सरळ फसतो.

तिसरे उदाहरण खानदेशाच्या बांधावरचे. शहादा आणि नंदुरबारच्या परिसरात पपईच्या बागा भरपूर आहेत, आणि त्यांत तैवान-७८६ हे नाव सर्वांना ठाऊक. या पपईचे बी लावले की साधारण तीन रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी निघते. नर येतच नाहीत. कारण उभयलिंगी रोपाला मादीपणाचे एक आणि उभयलिंगीपणाचे एक गुणसूत्र असते, आणि उभयलिंगीपणाचे गुणसूत्र दोन्हीकडून आले तर बी जगत नाही. म्हणून तीनास एकऐवजी दोनास एक असा हिशेब. इथवर जनुकांचे राज्य. पण त्याच उभयलिंगी झाडावर कडक उन्हाळ्यात फुलांतला स्त्रीकेसर खुरटतो, फुले नरासारखी होऊन गळतात. गारव्यात आणि खत-पाणी जास्त झाले की पुंकेसरच अंडाशयाला चिकटून स्त्रीकेसरासारखे वाढतात, आणि झाडाला वेडीवाकडी, खाचाखोचांची फळे लागतात. बागायतदार बियाण्याला दोष देतो, बियाणेवाला हवेला. खरे तर दोघांच्याही म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. जनुकाने फुलाला एक आवाका दिलेला असतो, आणि त्या आवाक्यात कुठे थांबायचे ते तापमान ठरवते.

आता शेतकी बाजूला वळू. फुलातला पराग निरुपयोगी करणे ही संकरित बियाण्याची पहिली गरज. मादी ओळीने, म्हणजे बी धरणाऱ्या वाणाने, स्वतःचा पराग घेतला तर संकर उरत नाही. या कामात उत्परिवर्तनाने सर्वात स्वच्छ यश मिळवले ते गुजरातमध्येच, पण कपाशीत नव्हे, एरंडीत. एरंडाच्या घोसात नर आणि मादी फुले वेगळी असतात, मादी वरच्या भागात आणि नर खाली. ज्या ओळीत नर फुलेच येत नाहीत अशी केवळ-मादी ओळ अमेरिकेतल्या टेक्सासहून आली. तिच्या आधारे जुनागढमध्ये १९६८ साली ‘जीसीएच-३’ हा एरंडीचा जगातला पहिला व्यापारी संकर तयार झाला. पुढे विजापूरला ‘व्हीपी-१’ ही केवळ-मादी ओळ घडवली गेली, आणि तिच्यापासून १९८६ मध्ये आलेला ‘जीसीएच-४’ तर घराघरांत पोचला. एरंडीच्या जागतिक व्यापारात भारताचा आणि भारतात गुजरातचा जो वरचष्मा आहे, त्याच्या मुळाशी हा फुलातला फेरफार आहे. त्यातही निसर्गाची एक खोड राहिली. काही केवळ-मादी ओळींच्या घोसात उष्णता वाढली की मधूनच नर फुले उगवतात. बियाणे उत्पादक त्याचाच वापर करून घेतो. मादी ओळ टिकवायची तेव्हा ती नर फुले कामी येतात आणि संकर करायचा तेव्हा ती झाडे उपटून टाकतात.

ज्वारी-बाजरीची वाटही अशीच. परदेशात १९५४ मध्ये ज्वारीत नर वंध्यत्वाचा एक प्रकार मिळाला. त्याचे जनुक पेशीकेंद्रात नसून पेशीद्रव्यातल्या तंतुकणिकेत असते आणि आईकडूनच उतरते. त्यावर उभा राहिलेला ‘सीएसएच-१’ हा भारताचा पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये आला, आणि ‘एचबी-१’ ही संकरित बाजरी १९६५ मध्ये. इथे कोणी म्हणेल, ही फूल-विकासाची उत्परिवर्तने नव्हेतच. ए-बी-सीची जनुके अवयव कोणता ते ठरवतात. ज्वारीतले नर वंध्यत्व पुंकेसर पूर्ण घडल्यानंतर आत पराग वाढू देत नाही. दोन टप्पे, दोन गोष्टी. हा भेद मान्य करायलाच हवा, फक्त तो भिंतीसारखा नाही. गाजराच्या एका प्रकारच्या वंध्यत्वात तंतुकणिकेतल्या फरकामुळे पुंकेसरांच्या जागी थेट पाकळ्यांसारखे अवयव येतात, आणि बाजारातले पुष्कळ संकरित गाजर त्यावरच चालते. म्हणजे पेशीद्रव्यातला बिघाडही वर जाऊन अवयवाची ओळख बदलू शकतो.

कपाशीतही निसर्गाने ही साधने दिलेली आहेत. मग ती वापरात का नाहीत? पहिले कारण जनुकशास्त्राचे. आपल्या शेतातली अमेरिकी कपाशी चतुर्गुणित आहे, दोन पूर्वजांचे जनुकसंच तिच्यात एकत्र नांदतात. त्यामुळे पराग घडवणारे एक जनुक मोडले तरी दुसऱ्या संचातले त्याचे जोडीदार काम चालू ठेवते आणि उत्परिवर्तन बहुधा दिसत नाही. ‘ग्रेग’ नावाच्या नर वंध्य ओळीत म्हणूनच दोन जनुकांच्या दोन्ही प्रती अप्रभावी असाव्या लागतात. देशी कपाशी द्विगुणित, तिच्यात एका जनुकावर काम भागते. दुसरे कारण शेतावरचे. जनुकीय वंध्यत्वाची ओळ टिकवायची तर वंध्य झाडावर अर्धवट वाहक झाडाचा पराग घालावा लागतो. संतती निम्मी वंध्य, निम्मी सुपीक. फुले येईपर्यंत कोणते झाड कोणते हे कळत नाही, आणि कळल्यावर निम्मी झाडे उपटून फेकावी लागतात. पाणी, खत, जागा, फवारणी तोवर त्यांच्यावर खर्च झालेली असते. तंतुकणिकेतले वंध्यत्व जंगली गॉसिपियम हार्कनेसीमधून व्हेस्टा मेयर यांनी १९७५ मध्ये शेतातल्या कपाशीत आणले, त्यात हा उपटण्याचा त्रास नाही. पण त्याला परागशक्ती परत देणारे जनुक बाळगणारा पिता लागतो. असे पिते मोजके, आणि त्यांच्याशी केलेला संकर हातांनी केलेल्या सर्वोत्तम संकराइतका पिकेल याची हमी नसते.

ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात. माझ्या मते ती दुय्यम आहेत. मुख्य कारण फुलाच्या पुढच्या प्रवासात आहे. एरंडी, ज्वारी, बाजरी यांचा पराग वारा नेतो. मादी ओळीत नर बंद केला की उरलेले काम फुकटात होते. कपाशीचा पराग जड आणि चिकट, वाऱ्याला तो उचलवत नाही. तो मधमाश्यांनीच न्यावा लागतो, आणि कीटकनाशकांच्या फवाऱ्याखालच्या सीडप्लॉटवर मधमाश्यांचा भरवसा नाही. म्हणून नर वंध्य कपाशी वापरली तरी पराग लावण्याचे काम माणसाच्याच बोटांवर राहते. उत्परिवर्तन कळी सोलण्याचा खर्च वाचवते, पराग घालण्याचा वाचवत नाही. निम्मीच बचत होणार असेल तर निम्मी झाडे उपटण्याचा तोटा कोण पत्करेल?

कोणी सूर्यफुलाकडे बोट दाखवेल. त्याचाही पराग माश्याच नेतात, तरी पेशीद्रव्य वंध्यत्वावरचा ‘बीएसएच-१’ हा संकर भारतात १९८० मध्ये आला आणि पुढे सूर्यफुलाचे बियाणे बहुतेक संकरितच झाले. आक्षेप बरोबर आहे, पण दोन फुलांची रचना सारखी नाही. सूर्यफुलाच्या तबकडीवर शेकडो पुष्पके शेजारी-शेजारी असतात, आणि प्रत्येकाला एकच बी धरायचे असते. तबकडीवरून एकदा चालून गेलेली माशी कित्येक बियांची सोय करते. कपाशीचे एक फूल म्हणजे एक बोंड, आणि त्या एका बोंडात पंचवीस-तीस बिया धरायच्या तर तितके परागकण त्या एकाच कुक्षीवर पडायला हवेत. फूल सकाळी उघडते, दुपारनंतर कोमेजू लागते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन बंद पडते. माशीकडे वेळ कमी, आणि एका फुलामागे काम जास्त.

यात एक विरोधाभास आहे, आणि सुरतेच्या फुलाची गोष्ट त्यानेच रंगतदार झाली आहे. संकर-४चा पिता ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ स्वतःच एक उत्परिवर्तित कपाशी आहे. पानांच्या शिरेखाली आणि फुलाबाहेरच्या छदांवर कपाशीला मधुग्रंथी असतात. काही किडी त्या मधावर येतात. दोन अप्रभावी जनुकांच्या जोडीमुळे त्या ग्रंथी नाहीशा होतात, हे लक्षण हवाईतल्या जंगली कपाशीतून आले आहे. फुलाच्या आतली मधुग्रंथी मात्र शाबूत राहते. लक्षण अप्रभावी असल्याने ‘गुजरात-६७’शी संकर केल्यावर ते झाकले जाते, म्हणून संकर-४ने आपल्या पित्याचे नाव सार्थ केले नाही, उत्पन्न मात्र दिले. पटेल यांनी उत्परिवर्तनाचा उपयोग फुलातला नर बंद करण्यासाठी केला नाही. नर बंद करायला त्यांनी माणसे वापरली. त्या वेळी गुजरातेत मजुरी स्वस्त होती, कळ्या सोलायला हात होते, आणि हाताच्या पद्धतीला कोणताही पिता चालतो, हा तिचा फार मोठा गुण. जोडी निवडायला जनुकांनी बांधून ठेवलेले नसते.

त्या स्वस्त मजुरीची दुसरी बाजू नोंदवायलाच हवी. कळ्या सोलण्याच्या कामात लहान मुले जुंपल्याच्या तक्रारी गुजरात आणि आंध्रातून वर्षानुवर्षे येत राहिल्या. कळी बोटांना सहज हाताळता येते आणि काम संध्याकाळच्या काही तासांत उरकायचे असते, म्हणून लहान बोटांना मागणी. फुलातले उत्परिवर्तन हा या प्रश्नावरचा तांत्रिक उतारा ठरेल, अशी आशा कधी-कधी मांडली जाते. वरच्या हिशेबावरून ती अर्धवट दिसते. पराग घालणारे हात तरीही लागतील.

आणखी एक इशारा इतिहासात आहे. एकाच प्रकारचे वंध्यत्व सगळीकडे वापरले की सगळे बियाणे एकाच आईचे होते. अमेरिकेत १९७० मध्ये टेक्सास पेशीद्रव्याच्या संकरित मक्यावर करप्याची साथ आली, आणि वंध्यत्व देणारे तेच जनुक मक्याला बुरशीच्या विषापुढे दुबळे करत होते. आपल्याकडे एचबी मालिकेची बाजरी १९७०च्या दशकात केवडा रोगाने कोलमडली. त्या सर्व वाणांची मादी ओळ एकच, ‘टिफ्ट-२३ए’, आणि तिचा केवड्यापुढे टिकाव नव्हता. हातांनी केलेल्या संकरात अशी एका आईवर अवलंबून राहण्याची गरज नसते. मजुरीच्या खर्चाबरोबर हा विम्याचा हप्ताही जोडला तर कपाशीतल्या जुन्या पद्धतीचे गणित तितके अडाणी वाटत नाही.

२००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, तीही भारतात संकरित वाणांतच. नवे जनुक बोंडअळीवर काम करते, फुलाच्या बांधणीवर नाही. संकरित बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते, म्हणून कळ्या सोलण्याचा खर्च शेवटी पाकिटाच्या किमतीतून शेतकऱ्याच्या खिशावर पडतो. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बहुतांश कपाशी सरळ वाणांची आहे, तिथे कोणी कळी सोलत बसत नाही. त्यामुळे संशोधनाची दिशा सुचवायची तर मी फुलातला नर बंद करण्याचे नवे जनुक शोधण्याला पहिला क्रमांक देणार नाही. पहिला क्रमांक द्यावा तो ज्यांचे बी शेतकरी घरी राखू शकेल अशा दाट लागवडीच्या सरळ वाणांना, आणि फवारणी कमी करून माश्या परत आणण्याला. त्यानंतर ज्या फुलात पराग नाही त्याला खरी किंमत येईल.

तोवर सीडप्लॉटवर दिनक्रम असाच चालतो. दुपार कलली की मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखाने बुडाशी गोल कापतात, पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकत्र ओढून काढतात आणि ओली उघडी कुक्षी झाकतात. सकाळी नर ओळीतले एक फूल तोडून चार-पाच कुक्षींवर फिरवतात, आणि कोणत्या कळीवर पराग पडला हे वेचणीच्या वेळी ओळखू यावे म्हणून तिच्या देठाला दोरा बांधतात.